विंडोज नव्याने टाकण्याआधी स्क्रीन हलवून बघा

प्रश्न : मी घरून ऑनलाइन गाणं शिकवते. लॅपटॉप चार वर्षांचा आहे, विंडोज ११ आहे. गेले पंधरा दिवस विद्यार्थ्यांना माझा आवाज नीट जातो, पण चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन दिसतो. कॅमेऱ्याशेजारचा बारीक पांढरा दिवा कधी लागतो, कधी नाही. एकदा तर मी काहीच उघडलेलं नसताना लुकलुकला, त्यामुळे कोणी बघत तर नसेल ना ही भीती वेगळीच. पुतण्याने ड्रायव्हर अपडेट करणारं कुठलंसं सॉफ्टवेअर टाकलं, फरक शून्य. आता तो म्हणतो, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू. माझी सगळी रेकॉर्डिंग त्यातच आहेत. (परवा पुसताना स्क्रीन मागे कलली तेव्हा क्षणभर मी दिसले, मग पुन्हा अंधार.) काय करू?

उत्तर : ताई, पुतण्याला म्हणावं, दोन दिवस दम धर. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कॅमेरा यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, बिघडला असता किंवा एखादं सेटिंग चुकलं असतं, तर स्क्रीन पुढे केली काय आणि मागे केली काय, कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. स्क्रीन कलताच चित्र आलं, म्हणजे काहीतरी हलल्यामुळे जोडलं गेलं आणि लगेच सुटलं. माझा संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर आहे, नाहीतर तिचं टोक जिथे खोचलेलं असतं त्या कनेक्टरवर.

लॅपटॉपचा कॅमेरा दिसतो स्क्रीनचा भाग, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये तो आतून एक साधा यूएसबी कॅमेराच असतो. बाहेरून खोचायचा कॅमेरा आणि हा यात फरक इतकाच, की याची वायर स्क्रीनच्या कडेने खाली उतरते, बिजागरीजवळून वळते आणि कीबोर्डखालच्या बोर्डात जाते. यूएसबीला मुळात चार तारा पुरतात, दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. त्या केसासारख्या बारीक असतात. रोज चार वेळा लॅपटॉप उघडला-मिटला असं धरलं, तर चार वर्षांत ती केबल जवळजवळ सहा हजार वेळा वाकली. त्यातली एखादी तार आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मग स्क्रीन विशिष्ट कोनात असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि कॅमेरा जिवंत होतो, कोन बदलला की मरतो. तुमचा दिवा कधी लागतो आणि कधी नाही, त्याचाही उलगडा यात होतो.

तुम्ही म्हणाल, आवाज तर व्यवस्थित जातोय. माइकही तिथेच, कॅमेऱ्याच्या शेजारी असतो ना? बऱ्याच लॅपटॉपमध्ये असतो खरा. पण त्याच्या तारा वेगळ्या असतात आणि त्या आवाजाच्या चिपकडे जातात, यूएसबीकडे नाही. त्यामुळे माइक धडधाकट आहे यावरून कॅमेऱ्याची वायरही ठीक असेल असं धरू नका. या तर्काने बरेच जण फसतात.

आता खात्री करून घ्या. झूम बंद करा, ब्राउझर बंद करा आणि विंडोजचं स्वतःचं ‘कॅमेरा’ नावाचं ॲप उघडा. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडेल. पहिली परीक्षा नेहमी इथेच घ्यायची, कारण इथे मधे दुसऱ्या कोणाची लुडबुड नसते. ॲप चालू ठेवून स्क्रीन दोन्ही हातांनी खालच्या कडेजवळ धरा आणि अगदी सावकाश पुढे-मागे करा, जवळजवळ मिटेपर्यंत आणि पुन्हा पूर्ण मागे. जिथे चित्र लुकलुकेल, आडव्या रेषा येतील, गोठेल किंवा क्षणभर उजळेल, तो कोन लक्षात ठेवा.

हे करताना कानही उघडे ठेवा, आणि तुमचा कान तर तयार आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज दोन सुरांची एक छोटी धून वाजवतं, ठाऊक असेल. जोडताना ती चढते, काढताना उतरते. कॅमेराही यूएसबीच असल्यामुळे, केबल तुटकी असली तर स्क्रीन हलवताना काहीही न खोचता ही धून वाजू लागते, चढती, उतरती, पुन्हा चढती. तसं ऐकू आलं तर निदान पक्कं समजा. गेल्या पंधरा दिवसांत शिकवता शिकवता अशी धून मधेच वाजल्याचं आठवतंय का, तेही बघा. डोळ्यांनी खात्री हवी असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘कॅमेराज’ हा मथळा समोर ठेवून स्क्रीन हलवा. केबल दोषी असेल तर ती यादी आपोआप उडी मारते, मथळा नाहीसा होतो आणि परत येतो.

आता समजा, तासभर हलवूनही काहीच घडलं नाही. परवाचा तो क्षण योगायोग होता असं धरू. तरीही विंडोज पुसायची वेळ आलेली नाही. ‘कॅमेरा दिसत नाही’ या एका तक्रारीत तीन-चार वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा असतो. तो चेहरा न बघता लोक थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात.

दिवा लागलाय, ॲप तक्रार करत नाही, चित्र मात्र गडद काळं: अशा वेळी कॅमेरा बहुधा काम करत असतो आणि त्याच्यासमोर काहीतरी आडवं आलेलं असतं. स्क्रीनच्या वरच्या कडेवर नखाने सरकणारी बारीकशी पट्टी असते, ते शटर. काही लॅपटॉपमध्ये ते इतकं बेमालूम असतं की वर्षानुवर्षं मालकाला पत्ता नसतो आणि एक दिवस पुसता पुसता ते सरकतं. हसू नका, मी स्वतः एकदा दोन तास ड्रायव्हर शोधत बसलो होतो आणि शटर बंद होतं. त्या दिवसापासून आधी बोट फिरवतो, मग माऊस. काही कंपन्यांनी हेच काम कीबोर्डवरच्या एका बटणाला दिलंय, एफ आठ किंवा एफ दहा अशा एखाद्या बटणावर कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर आडवी रेघ असते. काही ठिकाणी लॅपटॉपच्या कडेलाच स्विच असतो. शटर फक्त काचेवर पडदा ओढतं, पण बटण किंवा स्विच काही मॉडेलमध्ये कॅमेऱ्याची वीजच तोडतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं नावसुद्धा उरत नाही आणि माणूस उगाच हार्डवेअर मेलं म्हणून बसतो.

दिवाच लागत नाही आणि ॲप म्हणतं कॅमेरा सापडला नाही, हा दुसरा चेहरा. कॅमेरा ॲप अशा वेळी एक लांबलचक एरर कोड दाखवतं. त्याचे शेवटचे चार आकडे तेवढे बघा. ४२४४ असेल तर विंडोजला कॅमेरा जोडलेलाच दिसत नाही. ४२४३ असेल तर कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने तो धरून ठेवलाय. या दुसऱ्या प्रकारात लॅपटॉप रीस्टार्ट करणं सगळ्यात सोपं. रीस्टार्टच करा, शट डाउन नव्हे. कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना ते आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुन्हा सुरू करताना तीच उचलतं. अडकलेली गोष्ट तशीच अडकून राहते. रीस्टार्ट मात्र सगळं कोरं करून उठवतं. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे खरं.

तिसरा चेहरा परवानगीचा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ मध्ये जाऊन ‘कॅमेरा’ उघडा. तिथे एकाखाली एक स्विच आहेत. सगळ्यात वरचा पूर्ण लॅपटॉपसाठी, त्याखालचा ॲप्ससाठी, आणि बराच खाली, जिथे कोणी सरकत नाही तिथे, डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा. झूम वेबसाइटवरून उतरवून घेतलं असेल तर ते या शेवटच्या स्विचखाली येतं. वरचे दोन चालू आणि हा बंद असला की कॅमेरा ॲपमध्ये तुम्ही छान दिसता आणि झूममध्ये नाही. ब्राउझरमधून वर्ग घेत असाल तर त्याची परवानगी आणखी वेगळी असते आणि प्रत्येक साइटला स्वतंत्र द्यावी लागते. पत्त्याच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केलं की कॅमेरा अडवलाय का ते दिसतं. अँटीव्हायरसमध्ये ‘वेबकॅम प्रोटेक्शन’ असेल तर तोही न विचारता आडवा येऊ शकतो. लॅपटॉप एखाद्या संस्थेने दिलेला असेल, तर हे स्विच करडे पडलेले दिसतात आणि ते उघडणं त्यांच्याच हातात असतं. तुमचा घरचा आहे, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

झूमच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये कुठला कॅमेरा निवडलाय तेही एकदा बघून घ्या. चेहरा ओळखून लॉगिन करणाऱ्या लॅपटॉपमध्ये दुसरा, इन्फ्रारेड कॅमेरा असतो. चुकून तो निवडला गेला तर करडं, भुतासारखं किंवा पार काळं चित्र येतं. व्हिडिओ रेकॉर्ड करणारी काही सॉफ्टवेअर एक खोटा कॅमेराही यादीत घुसवतात, त्याच्यामागे काही चालू नसेल तर तिथेही अंधारच. तुम्ही रेकॉर्डिंग करता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुतण्याचं अगदीच चुकतंय असं मला म्हणायचं नाही. सॉफ्टवेअरनेही कॅमेरे बंद पाडलेले आहेत, तेही घाऊक. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटनंतर जगभर वेबकॅम स्काइपमध्ये गोठू लागले होते. एकाच वेळी अनेक ॲप्सना कॅमेरा वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने मधली यंत्रणा बदलली आणि त्यात एमजेपीईजी व एच.२६४ या दोन स्वरूपांतलं चित्र ॲपला थेट देणं बंद केलं. कॅमेरे ठणठणीत, ॲप ठणठणीत, मधला निरोप्या मुका. पण तेव्हाही कोणाचा कॅमेरा स्क्रीन मागे कलल्याने चालू झाला नव्हता.

आणि ते ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर आधी काढून टाका. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी २००३ पासून एक समान मानक आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून आतच येतो. शेकडो मॉडेलना तो एकच पुरतो. वेगळा शोधून आणायची गरज क्वचितच पडते, आणि पडलीच तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलच्या पानावरून घ्यायचा, दुसरीकडून नाही. असल्या सॉफ्टवेअरने काही उलटसुलट करून ठेवलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज आपला मूळ ड्रायव्हर पुन्हा बसवेल. नावावर खाली वळलेला बाण असेल तर कॅमेरा नुसता बंद करून ठेवलेला आहे, ‘एनेबल’ म्हटलं की झालं. पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर डबल क्लिक करून आत काय लिहिलंय ते वाचा. नाव मुळातच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, कॅमेरा बंद केलेला नाही ना, एवढं बघायचं राहतं.

पुतण्याला हात चालवायचेच असतील तर त्याला याहून चांगलं काम द्या. उबुंटूसारखं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, ‘ट्राय’ म्हणून चालवता येतं. तिथे कॅमेरा उघडून बघायचा. तिथेही अंधार असेल, तर विंडोज नव्याने टाकून उपयोग नाही, कारण तुमचं विंडोज त्या वेळी झोपलेलं होतं. तिथे स्वच्छ चित्र आलं, तर चूक विंडोजची आणि मग त्याचं म्हणणं ऐकायला हरकत नाही, अर्थात रेकॉर्डिंगची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून झाल्यावर. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमधलं काही बदललं तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असलेला लॅपटॉप परत विंडोजमध्ये येताना ते उघडणारी रिकव्हरी की मागू शकतो, ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. अगदी नव्या काही लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतो आणि तो लिनक्समध्ये दिसेलच असं नाही. तुमच्या चार वर्षांच्या यंत्रात तो यूएसबीवरच असण्याची शक्यता दाट आहे.

याहूनही सोपी परीक्षा म्हणजे कोणाचा तरी बाहेरून लावायचा वेबकॅम तासभर मागून आणा आणि खोचा. त्यात तुम्ही दिसलात, तर विंडोज, झूम, परवानग्या सगळं सुटलं. उरला आतला कॅमेरा आणि त्याची केबल.

भीतीबद्दल. केबल सुटून पुन्हा जोडली जाते तेव्हा विंडोज कॅमेऱ्याला नव्याने ओळखतं आणि काही मॉडेलमध्ये त्या क्षणी दिवा एकदा लुकलुकतो. तुमच्या बाबतीत बहुधा तेच झालं असावं. पण माझ्या ‘बहुधा’वर विसंबू नका. परवानगीच्या त्याच पानावर ‘रीसेंट ॲक्टिव्हिटी’ आहे, गेल्या सात दिवसांत कुठल्या ॲपने कॅमेरा कधी उघडला ते तिथे वेळेसकट दिसतं. तुम्ही न वापरलेलं ॲप तिथे असेल तर मला पुन्हा लिहा, मग तो वेगळा विषय होईल. काम नसताना कॅमेरा झाकायचा असेल तर शटर वापरा, जाड स्टिकर नको. मॅकबुकच्या कॅमेऱ्यावर आवरण ठेवून झाकण मिटू नका, स्क्रीनला इजा होऊ शकते, असं ॲपलने २०२० मध्ये बजावलं होतं आणि लावायचंच असेल तर ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको, असंही सांगितलं होतं. म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकं. इतरांच्या पातळ लॅपटॉपनाही तो सल्ला लागू पडायला हरकत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत वर्ग बुडवू नका. फोनवरूनही त्याच वर्गात शिरा, फोनचा कॅमेरा चालू ठेवा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. आवाज लॅपटॉपचाच जाऊ द्या. एकाच खोलीत दोन्हींचे आवाज चालू राहिले तर अशी शिट्टी घुमेल की तुमचे विद्यार्थी कानावर हात ठेवतील. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबी केबलने जोडल्यावर स्वतःच वेबकॅम बनतात. जोडल्यावर फोनवर येणाऱ्या यूएसबीच्या पर्यायांत तसं काही दिसतं का बघा.

आता दुरुस्ती. स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट खटक्यांवर बसवलेली असेल तर हे काम सरावलेल्या हाताला अवघड नाही. काच थेट कडेपर्यंत गेलेली असेल, विशेषतः टचस्क्रीन, तर ती चिकटवलेली असते, घरी उचकटायला जाऊ नका. तंत्रज्ञाला ‘कॅमेरा चालत नाही’ एवढंच सांगू नका. सांगा, ‘या कोनात चित्र येतं, या कोनात जातं, आणि हलवताना यूएसबीची धून वाजते.’ तुम्ही हे बोललात की मदरबोर्ड बदलायचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर बाहेरचा वेबकॅम लावून दाखवा. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून नीट बसवून बघायला सांगा, कधी कधी तेवढ्यानेच भागतं, विशेषतः लॅपटॉप पूर्वी कधी उघडलेला असेल तर. केबल बदलावी लागली तर ती कॅमेऱ्याची स्वतंत्र आहे की स्क्रीनच्या केबलमध्येच गुंफलेली आहे हे विचारा. गुंफलेली असेल तर पूर्ण डिस्प्ले केबल बदलतात आणि ती तुमच्या नेमक्या मॉडेलचीच लागते, म्हणून लॅपटॉपच्या तळाचं लेबल आधी फोनवर टिपून ठेवा. खर्च फारच वाटला तर बाहेरचा वेबकॅम घेऊन मोकळ्या व्हा. त्याचं चित्र बहुतेकदा आतल्यापेक्षा चांगलंच असतं आणि तो तुमच्या बोटांवर किंवा वाद्यावर रोखता येतो. मात्र तीच केबल स्क्रीनचीही असेल तर पुढेमागे स्क्रीनही लुकलुकू लागेल, तेव्हा ते दुखणं अंगावर काढू नका.

केबल बदलून मिळाली की लॅपटॉप ताब्यात घेण्याआधी तिथेच कॅमेरा ॲप उघडा आणि स्क्रीन पूर्ण मिटेपर्यंत पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा. एकाच कोनात चित्र दाखवून तुमच्या हातात देणाऱ्याला हसत हसत सांगा, अजून एकदा मिटा बघू.